गोळा पायात, राग गोळीवर

भालकी-औरादपासून आळंद-अफजलपूरपर्यंतच्या आमच्या सीमापट्ट्यात हृदय अशक्त झालेल्या माणसानं रात्री पायात गोळे येतात असं नुसतं म्हणायचा अवकाश, निदान तयार असतं. "पाण्याच्या गोळीनं व्हायलंय ते. सोडून बघा की चार दिवस." हे सांगणारा कधी व्याही असतो, कधी मेडिकलवाला, कधी उदगीरच्या बसमध्ये शेजारी बसलेला निवृत्त मास्तर. प्रत्येकाच्या खिशात एक दाखला असतो. आमच्या अण्णांनी सोडली, तीन दिवसांत पाय मोकळे झाले. सातव्या-आठव्या दिवशी अण्णांचं काय झालं, हे त्या दाखल्यात कधीच येत नाही.

माझं भांडण या सल्ल्याशी आहे, तक्रार करणाऱ्याशी नाही. तक्रार खरी आहे. रात्री दीड-दोनला पिंढरी अशी आवळते की पायाची बोटं आपोआप खाली वळतात, स्नायू हाताला टणक लागतो आणि तोंडातून शब्द फुटत नाही. धडधाकट माणूस अशा वेळी उठून पाय जमिनीवर आपटतो. ज्याचं पंपिंग तीस-पस्तीस टक्क्यांवर आलंय, त्याला तेवढंही जमत नाही. तीन उशांना टेकून कसाबसा डोळा लागलेला असतो, औषधांनी रक्तदाब खाली आणलेला असतो, झटक्यात उभं राहिलं तर डोळ्यांपुढे अंधारी येते. गोळा ओसरला तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोटरी ठणकत राहते. आठवड्यातून तीन-चार रात्री हे भोगणाऱ्याला कुणी "सोडा गोळी" म्हणालं तर तो ऐकणारच. म्हणून तर हा सल्ला गमतीवारी नेण्यासारखा नाही.

त्यात तथ्य मुळीच नाही असं म्हणून मी सुटका करून घेणार नाही. पाण्याची गोळी म्हणजे मूत्रल औषध. फ्युरोसेमाइड असो की टॉर्सेमाइड, ही औषधं मूत्रपिंडाला मीठ बाहेर टाकायला लावतात, मिठामागे पाणी जातं आणि त्या ओघात पोटॅशियम-मॅग्नेशियमही जातं. हे क्षार फार घसरले तर स्नायू आणि त्यांना हलवणाऱ्या नसा जरा कशानंही चाळवतात. डोस गरजेपेक्षा वाढला, किंवा कलबुर्गीकडे पारा चाळिशी ओलांडून गेलेला असताना हिवाळ्यातलाच डोस चालू राहिला, किंवा मध्येच जुलाब लागले, तर अंगातलं पाणीही प्रमाणाबाहेर कमी होतं. तेव्हा गोळीचा हात असू शकतो. पण 'असू शकतो' आणि 'आहेच' यांच्यामध्ये एक रक्ततपासणी असते, आणि सल्ला देणारे नेमकी तीच गाळून पुढे जातात.

पायातले रात्रीचे गोळे हे पाण्याच्या गोळीचं अपत्य असतं, तर ती गोळी न घेणाऱ्यांना ते आले नसते. पण साठी ओलांडलेल्या साधारण तिघांतल्या एकाला ते केव्हा ना केव्हा येतातच, हृदय ठणठणीत असलं तरी. झोपेत पावलं खाली झुकलेली असतात, त्यामुळे पोटरीचा स्नायू आखडलेल्या स्थितीत तासन् तास राहतो. वयानुसार तो आणखी आखूड आणि ताठर होतो. त्यात हृदय अशक्त असलं की हातापायांचे स्नायूही झिजतात, रक्त आणि हालचाल दोन्ही कमी पडल्यानं त्यांची घडण बदलते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठिंब्याने देशातल्या ५३ रुग्णालयांत हृदय निकामी झालेल्या रुग्णांची जी नोंद झाली, तिच्यातल्या १०,८५१ जणांचं सरासरी वय साठीच्या आसपास होतं. म्हणजे ज्या वयात गोळे येऊ लागतात, त्याच वयात ही गोळी सुरू होते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. पण आपण कावळ्यालाच धरतो.

याहून मोठी अडचण पुढे आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात कोणतं औषध सुरू झाल्यावर लोक पायातल्या गोळ्यांवरचं औषध मागायला लागतात, याचा माग काढला गेला. तो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. 'पोटॅशियम जातं म्हणून गोळे येतात' हे खरं असतं तर पोटॅशियम जोरानं बाहेर काढणारं फ्युरोसेमाइड वरच्या नंबरावर यायला हवं होतं. आढळलं उलटं. पोटॅशियम राखून ठेवणाऱ्या मूत्रल औषधांशी संबंध जास्त ठळक निघाला, फ्युरोसेमाइडच्या जातीच्या औषधांशी तो बराच कमी होता. दम्यासाठी रोज ओढायच्या काही फवाऱ्यांशीही तो ठळक होता. त्यांच्याबद्दल आपल्याकडे कुणी चकार शब्द काढत नाही. असल्या नोंदीवरून कारण पक्कं ठरत नाही, हे मान्य. पण चावडीवरचं जे सरळसोट गणित आहे, ते मात्र तिच्यापुढे टिकत नाही.

मग गोळी सोडल्यावर अण्णांचे पाय मोकळे कसे झाले? झाले असतील, खोटं कशाला म्हणू? गोळ्यांचा स्वभावच चढउताराचा. चार रात्री छळतील, मग आठवडाभर गायब होतील. माणूस उपाय शोधतो तो छळ शिगेला पोचल्यावर. त्यानंतर काहीही केलं तरी उतार येणारच असतो. इस्राएलमध्ये ज्येष्ठांवर एक चाचणी झाली, २०१७ साली ती प्रसिद्ध झाली. निम्म्यांना मॅग्नेशियम, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. दोन्ही गटांत आठवड्याचे गोळे साधारण तीनने कमी झाले. मॅग्नेशियमवाल्यांत तीनपेक्षा किंचित जास्त, पोकळ गोळीवाल्यांत तीन. फरक नाहीच म्हणा ना. अण्णांनी त्या आठवड्यात गोळी सोडण्याऐवजी खंडोबाला नारळ बोलला असता तरी पाय तेवढेच मोकळे झाले असते, आणि छाती शाबूत राहिली असती.

कारण गोळी सोडली की मूळ दुखणं थांबत नाही. अशक्त हृदयाचं रक्त पुरेसं पुढे जात नाही, मूत्रपिंडाला वाटतं अंगात पाणीच कमी आहे, म्हणून ते मीठ आणि पाणी धरून ठेवतं. ही चुकीची समजूत दिवसरात्र चालू असते. ती चालू असताना पाण्याची गोळी बंद करणं म्हणजे खालच्या शेतात चिखल होतो म्हणून भर पावसात कारंजा धरणाचे दरवाजे लावून घेणं. पहिले दोन-तीन दिवस काही दिसत नाही, उलट सारखं लघवीला उठणं बंद झाल्यानं बरंच वाटतं. मग वहाणेचा पट्टा घोट्यावर रुतायला लागतो. वजन किलोनं, दीड किलोनं वाढतं, आणि घरात वजनकाटा नसल्यानं ते कळत नाही. दोन उशांच्या तीन होतात. एका रात्री माणूस उठून खिडकीशी बसतो, खोकला थांबत नाही, आणि घरचे जीपवाल्याला उठवतात. वर सांगितलेल्या नोंदीत हृदय निकामी होऊन भरती झालेल्यांपैकी १४.२ टक्के लोक ९० दिवसांच्या आत दगावले. पायाचा गोळा वेदना देतो, जीव घेत नाही. अंगात साठलेल्या पाण्याबद्दल तसं म्हणता येत नाही.

गोळी सुटण्याचं दुसरंही कारण आहे, आणि त्याबद्दल उघड बोललं जात नाही, कारण ते बायकांचं आहे. गोळी घेतली की दोन-चार तास सारखं लघवीला जावं लागतं. बसवकल्याणहून कलबुर्गीला दाखवायला जायचं, लग्नाला जायचं, बाजाराच्या दिवशी दुकानावर बसायचं, तर वाटेत जायची सोय कुठे आहे? मग मावशी सकाळची गोळी तशीच ठेवते. काही जणी पाणीही पीत नाहीत. संध्याकाळी घरी आल्यावर चुकलेली गोळी रात्रीच्या जेवणावर घेतात. त्या रात्री चारदा उठणं होतं, अंधारात पाय खाली टाकताना पोटरी आवळते, आणि सकाळी निष्कर्ष निघतो की गोळीनंच गोळे आणले. गोळीची वेळ चुकली, दोष गोळीला लागला. हे डॉक्टरला सांगितलं तर तो वेळ बदलून देऊ शकतो. प्रवासाच्या दिवशी घरी पोचल्यावर दुपारी चारच्या आत घ्या, दोन वेळची असेल तर दुसरी दुपारीच संपवा, असं काही. पण पुरुष डॉक्टरसमोर, मुलगा शेजारी उभा असताना, हे कोण बोलणार? आणि विचारलं तर पाहिजे ना कुणी!

आता गोळीच्या जागी जे सुचवलं जातं त्याकडे वळतो, कारण खरा धोका तिथे आहे. पहिला मान शहाळ्याचा. "अंगातलं पोटॅशियम गेलंय, रोज एक शहाळं प्या." हृदय निकामी झालेल्या बऱ्याच जणांना आज पाण्याच्या गोळीबरोबर स्पायरोनोलॅक्टोन किंवा तिच्याच कुळातलं औषध असतं, शिवाय रामिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन यांपैकी एखादं असतं. ही सगळी औषधं पोटॅशियम अंगात राखून ठेवतात. म्हणजे ज्या माणसाचं पोटॅशियम कमी झालंय असं गृहीत धरून शहाळं पाजलं जातं, त्याचं ते आधीच काठावर असण्याची शक्यता जास्त. मूत्रपिंड थोडं मंदावलेलं असेल, साखरेचा आजार असेल, तर मग बोलायलाच नको. स्पायरोनोलॅक्टोननं या रुग्णांचे मृत्यू तीस टक्क्यांनी कमी होतात हे १९९९ मध्ये एका मोठ्या चाचणीत दिसलं, आणि कॅनडातल्या ओंटारिओत डॉक्टरांनी ते सढळ हातानं लिहायला सुरुवात केली. परिणाम काय झाला? पोटॅशियम वाढून भरती होणाऱ्यांचं प्रमाण १९९४ मध्ये दर हजारी २.४ होतं, ते २००१ मध्ये ११ वर गेलं. औषध चांगलंच होतं. तपासणी मागे पडली होती. पोटॅशियम वाढल्याचं अंगावर काही दिसत नाही. फार तर पाय गळाल्यासारखे वाटतात, आणि तोही दोष पुन्हा अशक्तपणावर जातो. एकदम कळतं ते ठोके बिघडल्यावर. याच यादीत 'कमी सोडियमचं' म्हणून मिळणारं मीठही घाला. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं असतं. मुलगा पुण्याहून काळजीनं ते पाकीट घेऊन येतो, आई ते भाजीत घालते, आणि दोघांनाही आपण पथ्य पाळतोय असंच वाटतं.

दुसरं इलेक्ट्रॉल, म्हणजे ओआरएसची पुडी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे केलेल्या एक लिटर ओआरएसमध्ये २.६ ग्रॅम मीठ असतं, आणि सायट्रेटमधलं सोडियम मोजलं तर ते सुमारे साडेचार ग्रॅम मिठाएवढं भरतं. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणून सांगितलेल्या माणसाचा हा जवळपास पूर्ण शिधा झाला, तोही भाकरीचा तुकडा मोडण्याआधी. जुलाब लागलेल्या पोराला जे वाचवतं, ते सुजलेल्या पायाच्या आजोबांना बुडवू शकतं. आणि मिठाचं निघालंच आहे तर सांगतो. आमच्याकडे ताटात डाव्या बाजूला शेंगाची चटणी, खाराची मिरची, लोणच्याची फोड आणि भाजलेला पापड असतो, आणि तरी माणूस शपथेवर सांगतो की "मीठ कमी केलंय, भाजीत टाकतच नाही." जितकं मीठ पोटात जाईल तितकी पाण्याची गोळी वाढवावी लागते, आणि गोळी वाढली की क्षारांची गळती वाढते. पायातल्या गोळ्यांचा बंदोबस्त करायचाच असेल तर त्या डाव्या बाजूपासून सुरुवात करावी. हे सांगितलं की मात्र व्याही गप्प होतात.

तिसरं, आणि माझ्या मते सर्वांत घातकी, दुखणं मारायची गोळी. "पाय लई दुखायलेत" म्हटलं की दुकानातून डायक्लोफेनॅक नाहीतर आयबुप्रोफेन मिळतं, नाहीतर गावातल्या दवाखान्यात कमरेत सुई मिळते. ही औषधं मूत्रपिंडाला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतात, पाण्याच्या गोळीचा जोर मोडतात, आणि स्पायरोनोलॅक्टोनसोबत पोटॅशियम आणखी चढवतात. हृदय निकामी झालेल्याने ती टाळावीत याबद्दल जगात कुठे दुमत नाही. शिवाय गोळा येतो दोन-पाच मिनिटांचा. तोंडावाटे घेतलेली गोळी विरघळेपर्यंत तो कधीच ओसरलेला असतो. रोग म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच.

जुन्या लोकांत कोयनेलची, म्हणजे क्विनाइनची, शिफारसही ऐकू येते. तिला इतिहास आहे. १९४० साली अमेरिकेत रात्रीच्या गोळ्यांवर क्विनाइन दिल्याचं वर्णन छापून आलं, आणि पुढे कित्येक दशकं ते जगभर दिलं गेलं. गोळे थोडे कमी होतात, हेही खरं. पण रक्तातल्या बिंबिका एकाएकी घसरणं, हृदयाची लय बिघडणं असे प्रकार दिसत गेले, आणि अमेरिकी औषध प्रशासनाने आधी नव्वदच्या दशकात आणि मग २००६ मध्ये ते गोळ्यांसाठी वापरू नका असं बजावलं. डेन्मार्कमध्ये हृदय निकामी झालेल्या रुग्णांच्याच देशव्यापी नोंदी तपासल्या गेल्या. २०१५ मध्ये निष्कर्ष आला की क्विनाइन घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका जास्त, आणि बीटा-ब्लॉकर सोबत असेल तर आणखी जास्त. आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णांना बीटा-ब्लॉकर असतंच. तेव्हा कोयनेलची पुडी हिवतापासाठी राहू द्यावी. अलीकडे चीनमधल्या एका चाचणीमुळे के-२ जीवनसत्त्वाचा बोलबाला सुरू झालाय. २०२४ च्या त्या चाचणीत फायदा दिसला, नाकारत नाही. पण झडप बदललेला किंवा ठोके अनियमित असलेला माणूस रक्त पातळ ठेवायला वॉर्फरिन किंवा ॲसिट्रोम घेत असेल, तर के जीवनसत्त्व हे त्या औषधाचं थेट विरोधक. ते स्वतःच्या मनानं सुरू करणं म्हणजे गुठळीला बोलावणं.

इथवर वाचून एखादा डॉक्टर मान डोलावत असेल तर त्याच्याशीही माझा हिशेब बाकी आहे. गोळी सोडा म्हणणारे निपजतात ते पोकळीत. ती पोकळी कुणी केली? ओपीडीत माणूस दबकत म्हणतो, "साहेब, रात्री पायात गोळे यायलेत." उत्तर येतं, "वयामुळे होतं, कॅल्शियम लिहून देतो." संपलं. पोटॅशियम-क्रिएटिनिन कधी केलं होतं? गोळी किती वाजता घेता? एक पाय की दोन्ही? काही नाही. साठ रुग्ण रांगेत असतात, कबूल. पण हे तीन प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागतं, आणि ते न विचारल्यामुळे महिन्याभरानं तोच माणूस ऑक्सिजन लावून परत येतो तेव्हा चार दिवस जातात. क्षुल्लक म्हणून झटकलेली तक्रार मरत नाही. ती मेडिकलच्या काउंटरवर जाऊन उभी राहते, आणि तिथे उत्तर नक्की मिळतं.

सीमेवर राहण्याचा एक जादा भुर्दंड यात आहे. स्टेंट हैदराबादला पडतो, दाखवायला लातूर किंवा सोलापूर सोयीचं पडतं, रक्तदाबाची गोळी तालुक्याच्या डॉक्टरची असते, आणि श्वास लागला की जवळ असेल ते सरकारी रुग्णालय. प्रत्येक ठिकाणी नवी चिठ्ठी. एका चिठ्ठीवर टॉर्सेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन एकाच गोळीत, दुसरीवर स्पायरोनोलॅक्टोन वेगळ्या नावानं. घरी दोन्ही गोळ्या डब्यात जातात आणि माणूस दुप्पट घेतो. कुणाचंच चुकलेलं नसतं, कारण सगळी पानं एका टेबलावर कधी आलेलीच नसतात. दोन राज्यांचा आमच्यावरचा लोभ मात्र उतू जातोय. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं ८६५ सीमागावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केली, कर्नाटकानं हरकत घेतली, दोन्हीकडे मथळे झाले. कलबुर्गीत जयदेव हृदयरोग संस्थेची नवी इमारत डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, आणि ती या भागाला खरोखर हवी होती. झटका आलेल्यासाठी कर्नाटकात तालुक्याला महागडं इंजेक्शन फुकट मिळायची सोय झाली आहे, तिचंही कौतुकच. पण सगळा जोर भरती होणाऱ्यावर, झटक्यावर, शस्त्रक्रियेवर. त्यातून वाचून घरी आलेल्या माणसाचं पोटॅशियम दर दोन-तीन महिन्यांनी कोण बघणार, याचं उत्तर ना बंगळुरूकडे आहे ना मुंबईकडे. तो प्रश्न सीमावादाच्या कुठल्याच बाजूला नाही, म्हणून कदाचित कुणाच्या नजरेस पडत नाही.

"मग करायचं तरी काय?" हा प्रतिपक्षाचा रास्त सवाल. गोळा आला त्या क्षणी गुडघा सरळ ठेवून पाऊल आपल्याकडे ओढायचं. हात पोचत नसेल तर टॉवेल तळपायाला अडकवून ओढायचा. घरातलं कुणी जागं असेल तर त्यानं टाच एका हातात धरून दुसऱ्यानं चवडा वर ढकलायचा. उभं राहायचं तर आधी काठावर बसायचं, डोकं स्थिर झालं की आधार धरून टाच जमिनीला टेकवायची. नंतर पोटरी हळूहळू चोळायची. साखरेच्या माणसानं गरम पाण्याची पिशवी आधी दुसऱ्याच्या हातावर बघून घ्यावी, कारण त्याच्या पायाला चटका कळत नाही. झोपण्याआधीचा ताण त्याहून महत्त्वाचा. भिंतीला तळहात टेकायचे, एक पाय मागे, टाच जमिनीवर, पोटरी ताणलेली जाणवेपर्यंत पुढे झुकायचं, थोडा वेळ थांबायचं, मग दुसरा पाय. नेदरलँड्समध्ये पंचावन्नच्या पुढच्या लोकांनी सहा आठवडे रोज रात्री असा ताण दिला, तर गोळ्यांची संख्याही घटली आणि जोरही. तो अभ्यास २०१२ चा, लहानसा, ऐंशी जणांचा. त्याआधीच्या ब्रिटनमधल्या एका चाचणीत फायदा दिसला नव्हता, तेही सांगायला हवं. पण यात पैसा लागत नाही, पोटॅशियम हलत नाही, ठोका चुकत नाही. उपायांच्या साऱ्या यादीत हा एकच असा आहे.

आणि पायाचं प्रत्येक रात्रीचं दुखणं गोळा नसतं. एकच पाय सुजलाय, गरम आहे, पोटरी दाबली की कळ येते, तर ती शिरेतली गुठळी असू शकते. ती चोळू नये, त्याच दिवशी दाखवावी. विडी ओढणाऱ्याला झोपेत पाऊल ठणकतं आणि पाय खाटेखाली लोंबता सोडला की बरं वाटतं, तर रक्तवाहिनी अरुंद झालीय. तळवे जळणं साखरेचं असू शकतं. कोलेस्टेरॉलच्या गोळीनंतर अंगभर स्नायू दुखू लागले आणि लघवी गडद झाली, तर थांबू नये. थायरॉइडही एकदा तपासावं, विशेषतः ठोक्यांसाठी अमिओडेरोन चालू असेल तर. "गोळीनं होतंय" या एका वाक्याने ही सगळी दारं बंद होतात, हा त्या वाक्यावरचा माझा शेवटून दुसरा आक्षेप.

शेवटचा आक्षेप मांडण्याआधी प्रतिपक्षाच्या हातात मीच एक हत्यार देतो, कारण ते त्यांना ठाऊक नसावं. ब्राझीलमध्ये १८८ रुग्णांवर एक चाचणी झाली, २०१९ मध्ये छापून आली. हृदय अशक्त असूनही ज्यांची तब्येत बरेच महिने स्थिर होती, अशांतल्या निम्म्यांची फ्युरोसेमाइड खरोखरच बंद केली गेली, आणि त्यांच्यापैकी चौघांतल्या तिघांना ९० दिवसांत ती पुन्हा घ्यावी लागली नाही. म्हणजे गोळी सुटू शकते! फक्त त्या लोकांची निवड कशी झाली होती तेही बघा. अलीकडे भरती झालेले त्यात नव्हते, फार दम लागणारे नव्हते, अंगावर सूज असलेले नव्हते. बाकीची औषधं चालू होती, आणि तीन महिने त्यांच्यावर लक्ष होतं. जे श्वास लागून पुन्हा गोळीवर आले, ते वेळेत आले, कारण कुणीतरी बघत होतं. आमचे अण्णा गोळी सोडतात ते कुणाला न सांगता, सूज असताना, वजनकाटा नसताना. हा माझा शेवटचा आक्षेप. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की गोळी कमी करायची असेल तर ती डॉक्टरकडून करून घ्या. जाताना सगळ्या चिठ्ठ्या आणि सगळे डबे एका पिशवीत न्या. गोळी किती वाजता घेता ते सांगा. गोळे आठवड्यातून किती रात्री येतात, ते कॅलेंडरवर खुणा करून दाखवा. सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन मागून करून घ्या. मॅग्नेशियम खरंच कमी निघालं तर ते घ्या, पोटॅशियम कमी निघालं तर तेही, विशेषतः डिगॉक्सिन चालू असेल तर त्यात हयगय नको. डोस घटवला तर दोन आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासा, आणि तोवर रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, काट्यावर उभे राहा. तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर व्याह्याला नको, डॉक्टरला फोन लावा.